शुक्राणू हलतो, पण पिल्लू होते का?



पत्रिकेतला विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला आधीच गाठले. म्हणाले, ‘सर, आयुष्यभर न्यायदर्शन आणि अ‍ॅरिस्टॉटल शिकवलात, आणि आता कुत्र्या-मांजरांचं वीर्य?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

निवृत्तीनंतर काही वर्षे आम्ही एका संस्थेच्या प्राणिप्रयोग नीतिसमितीवर बाहेरचे सभासद म्हणून बसत होतो. अशा समितीवर विज्ञानाबाहेरचा एखादा माणूस असावा असा नियम असतो. तो माणूस आम्ही. एका बैठकीत एक प्रस्ताव आला. कुत्र्याचे वीर्य गोठवण्याआधी त्यात एक अँटिऑक्सिडंट वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे, आणि वितळवल्यावर किती शुक्राणू हलतात ते मोजायचे. पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते, की यामुळे गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणेचे प्रमाण वाढेल. आम्ही विचारले, ‘पिल्लं किती झाली, हे कधी मोजणार?’ संशोधक तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, ‘सर, ते या प्रकल्पात बसत नाही.’ कुत्र्याला इजा होणार नव्हती, कागद व्यवस्थित होते, जेवणाची वेळ झाली होती. आम्ही सही केली.

ती सही नंतर आम्हाला टोचत राहिली. काही चुकले असेल तर नेमके काय चुकले, हे कळेना. म्हणून या विषयावरचे लेख मागवून वाचू लागलो. रसायनशास्त्र आम्हाला बेताचेच कळते. पण एखादा युक्तिवाद कुठे घसरतो हे ओळखण्यात आमची पन्नास वर्षे गेली आहेत. आज जे सांगणार आहोत ते त्या वाचनाचे परीक्षण समजा.

आधी आपल्या ओळखीच्या गोष्टीकडे पाहू. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला बाएफ ही संस्था स्थापन केली. ती संस्था आणि सरकारी दवाखाने यांच्यामुळे गोठवलेले वीर्य आणि कृत्रिम रेतन आपल्या खेड्यांना घरचे झाले. ज्यांच्या दारात गाय आहे त्यांना हे चित्र पाठ असेल. रेतन करणारा द्रव नायट्रोजनचा कंटेनर घेऊन येतो, कांडी कोमट पाण्यात वितळवतो, गाय भरवतो आणि जातो. मग शेतकरी तीन आठवडे थांबतो. गाय पुन्हा माजावर आली की म्हणतो, ‘उलटली.’ नाही आली, तर बहुधा राहिली. कांडीतले किती टक्के शुक्राणू हलत होते, हे तो विचारत नाही. त्याचा प्रश्न एकच, गाभण राहिली का? गायीच्या व्यवसायात एकेका वळूच्या हजारो कांड्या जातात. त्यामुळे कोणती पद्धत चांगली, याचा हिशेब शेवटी गोठ्यातून येतो.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत असा गोठा नाही. आमचे आजचे म्हणणे याच एका उणिवेभोवती फिरते.

आता गंमत पाहा. कृत्रिम रेतनाचा जुना आणि प्रसिद्ध प्रयोग कुत्रीवरच झाला होता. इटलीतल्या पाव्हिया इथले धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ लाझारो स्पालानझानी यांनी १७८० च्या सुमारास कोंडून ठेवलेल्या एका कुत्रीला पिचकारीने वीर्य दिले. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. प्रयोग यशस्वी झाला की नाही, हे पिल्लांनीच सांगितले. पुढे १९४९ मध्ये इंग्लंडात पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना ग्लिसरॉलचा गुण सापडला. तोही बाटलीवरच्या चिठ्ठ्यांचा घोळ झाल्यामुळे. तिथून वीर्य गोठवण्याची वाट मोकळी झाली. गोठवलेल्या वीर्यापासून कुत्र्याची पिल्ले झाल्याचे सीगर यांनी १९६९ मध्ये नोंदवले. मांजरीच्या बाबतीत तेच १९७८ मध्ये प्लाट्झ, वाइल्ड्ट आणि सीगर यांनी दाखवले. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्या पिढीने पिल्ले मोजली. मग मोजणी पिल्लांवरून भिंगाकडे कधी आणि का सरकली?

त्यासाठी गोठवताना काय होते ते थोडक्यात सांगतो. कुत्र्याचे वीर्य तीन हिश्श्यांत येते. शुक्राणू मधल्या हिश्श्यात असतात. शेवटचा मोठा हिस्सा प्रोस्टेट ग्रंथीचे पाणी. गोठवण्यासाठी शुक्राणूंचा हिस्सा घेतात, यंत्रात गरगर फिरवून वरचा द्रव काढून टाकतात, आणि ट्रिस, साखर, अंड्याचा पिवळा बलक व ग्लिसरॉल यांच्या द्रावणात शुक्राणू ठेवतात. मग हळूहळू गार करायचे, नायट्रोजनच्या वाफेत धरायचे आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रवात बुडवायचे.

या प्रवासात शुक्राणूवर दोन बाजूंनी संकट येते. त्याचे आवरण लवचीक असावे लागते, म्हणून त्यात असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात. नेमकी तीच ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांच्या तावडीत चटकन सापडतात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी सुरू होते. आणि शुक्राणूत पेशीद्रव जवळजवळ नसतो, म्हणून बचावाची सामग्रीही थोडी. शरीराने बाजूच्या द्रवात जी संरक्षक द्रव्ये ठेवलेली असतात, ती आपणच ओतून टाकलेली असतात. व्हिटॅमिन ई ही साखळी तोडते, ग्लुटाथायोन आणि कॅटलेज पेरॉक्साइडचा निकाल लावतात. तेव्हा बाहेरून काही घालून पाहावे, ही कल्पना मुळीच खुळी नाही. मॅकलिऑड यांनी १९४३ मध्येच दाखवले होते, की जास्त ऑक्सिजनमध्ये माणसाच्या शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि कॅटलेज घातले तर ती टिकते. पुढे तोसिच आणि वॉल्टन यांनी बैलाचे शुक्राणू स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात हे दाखवले. पाया भक्कम आहे. आमची तक्रार त्याच्यावर चढवलेल्या मजल्यांबद्दल आहे.

अशा लेखांचा साचा एकदा ओळखता आला की पुढचे लेख अर्ध्या वेळात वाचून होतात. सुरुवातीला वाक्य येते, की गोठवण्यामुळे प्रजननक्षमता घटते. मग काही निरोगी कुत्रे किंवा नसबंदीला आलेले बोके. एक द्रव्य निवडायचे: व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन, टॉरीन, मेलाटोनिन, रेझव्हेरॅट्रॉल, रोझमेरीचा अर्क, यादी लांब आहे. तीन-चार मात्रा आणि एक बिनमात्रेचा गट. वितळवल्यावर हालचाल, आवरण, डोक्यावरची टोपी, डीएनए आणि मेदाच्या बिघाडाची खूण असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड हे सर्व मोजायचे. एखाद्या मात्रेत एखादा आकडा सुधारतो. शेवटी निष्कर्ष, की हे द्रव्य गोठवण्यासाठी उपयुक्त आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत, प्रत्यक्ष गर्भधारणेच्या चाचण्या व्हायला हव्यात. ती शेवटची ओळ आम्ही इतक्या वेळा वाचली, की ‘कळावे, लोभ असावा’ यासारखी वाटू लागली.

आता आमच्या शास्त्राकडे वळतो. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो, कारण अग्नीशिवाय धूर आढळत नाही. नैयायिक याला व्याप्ती म्हणतात. उलट बाजूने मात्र ते चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीबरोबर धूर यायला इंधन ओले असावे लागते. ही जी लपलेली अट, तिला ते उपाधी म्हणतात. हेतूमागे उपाधी दडलेली असेल तर अनुमान फसते.

या लेखांत पहिली घसरण हीच आहे. न हलणारा शुक्राणू आपल्या बळावर स्त्रीबीजात शिरत नाही, हे खरे. त्यावरून हलणारा शिरेलच, असे निघत नाही. वितळवल्यावर लगेच हलणारा शुक्राणू तीन तासांनी थकलेला असू शकतो. त्याच्या डोक्यावरची टोपी अर्धवट निघालेली असू शकते, आणि ती वेळेआधी निघाली तर बीजाच्या कवचातून जाण्याचे साधनच गेले. म्हणजे हालचालीवरून गर्भधारणेचे अनुमान हा सव्यभिचार हेतू आहे. आणि ‘हालचाल काही टक्क्यांनी वाढली म्हणून पिल्ले त्या प्रमाणात वाढतील’ हे तर अनुमानही नाही, ती आशा आहे. आशा करायला हरकत नाही, फक्त ती निष्कर्षाच्या रकान्यात लिहू नये.

कुत्रीचे शरीर या बाबतीत फार शिकवते. तिचे बीज अंडाशयातून कच्चेच बाहेर पडते. त्याला पिकायला दोन-तीन दिवस लागतात. ताजे शुक्राणू तिच्या शरीरात कित्येक दिवस वाट पाहू शकतात. वितळवलेले शुक्राणू साधारण एक दिवस, पुष्कळदा त्याहूनही कमी टिकतात. म्हणून रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून दिवस ठरवावा लागतो, आणि वीर्य योनीत न सोडता थेट गर्भाशयात पोहोचवावे लागते. दिवस चुकला तर कांडीत कोणतेही द्रव्य घाला, उपयोग नाही. कुत्रीचा पुढचा माज साधारण सहा-सात महिन्यांनी येतो. मालक मात्र समजतो, की वीर्य चांगले नव्हते, आणि पुढच्या खेपेला अधिक महागडे द्रावण मागतो.

दुसरी घसरण उपाधीची. ‘अँटिऑक्सिडंट घातले की शुक्राणू टिकतो’ हे विधान केव्हा खरे? जेव्हा बिघाड खरोखर ऑक्सिजनमुळे होत असतो आणि बचाव अपुरा असतो, तेव्हा. पण शुक्राणू गारठ्याने फुटतो, पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाल्याने फुटतो, क्षारांच्या ताणाने आक्रसतो. त्या मरणावर व्हिटॅमिन ई काय करणार? शिवाय ज्या पिवळ्या बलकात सगळे मिसळले जाते, त्यात व्हिटॅमिन ई आधीपासूनच असते आणि लोहही असते. व्हिटॅमिन सी मोकळ्या लोहाच्या सहवासात आले, की रक्षण सोडून उलट आग लावू शकते. म्हणजे एकच द्रव्य एका द्रावणात रक्षक आणि दुसऱ्यात मारेकरी. मग एका प्रयोगशाळेत ते उपयोगी ठरले आणि दुसरीत नाही, यात नवल काय? इंधन ओले होते की कोरडे, हे सांगितल्याशिवाय नुसते ‘धूर निघाला’ म्हणण्यात अर्थ नाही.

नमुना निवडण्यातही उपाधी दडते. पुष्कळ प्रयोगांत चांगले वीर्य देणारे कुत्रेच घेतात. ताज्या वीर्यात सत्तर टक्क्यांहून अधिक शुक्राणू हलले पाहिजेत, अशा अटी असतात. प्रयोग स्वच्छ व्हावा म्हणून हे समजते. पण मदतीची गरज असते ती म्हाताऱ्या, आजारी, दुर्मीळ जातीच्या कुत्र्याला. त्याच्या वीर्यात मेलेले शुक्राणू आणि पांढऱ्या पेशी जास्त, आणि ऑक्सिजनचा त्रास तिथूनच पुष्कळ सुरू होतो. धडधाकटांवर तपासलेले औषध आजाऱ्याला लागू पडेल की नाही, ते दोन्ही बाजूंनी अनिश्चित राहते.

मांजराची कथा आणखी निराळी. बोक्याचे वीर्य थेंबभर असते, एक मिलिलिटरचा लहानसा अंश. म्हणून प्रयोगशाळा नसबंदीत काढलेल्या वृषणांबरोबरची अधिवृषणे वापरतात. प्राण्याला वेगळा त्रास नाही, साहित्य मुबलक; पद्धत विचारी आहे. पण अधिवृषणातला शुक्राणू बाजूच्या ग्रंथींच्या द्रवाला कधी भेटलेलाच नसतो. त्याच्यावर मिळालेला निकाल जिवंत बोक्याकडून घेतलेल्या वीर्याला परस्पर लावणे म्हणजे विहिरीत न उतरलेल्या माणसावरून पोहणाऱ्याचा अंदाज करणे. आणि हे काम करताना नजर पुष्कळदा रानमांजरांवर, बिबट्यांवर, चित्त्यांवर असते. चित्त्याच्या वीर्यात सुमारे सत्तर टक्के शुक्राणू सदोष घडणीचे असतात, हे १९८० च्या दशकात समोर आले. घरचे मांजर हे त्या सगळ्या कुळाचे प्रतिरूप मानले जाते. तिथे चुकीच्या आत्मविश्वासाची किंमत मोठी आहे. मेलेल्या चित्त्याची कांडी पुन्हा भरता येत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या खास जिव्हाळ्याची, कारण ती भाषेची आहे. या लेखनात ऑक्सिजनची क्रियाशील रूपे खलनायकासारखी येतात आणि अँटिऑक्सिडंट पोलिसासारखी. ‘हल्ला’, ‘संरक्षण’, ‘बचाव’ हे शब्द आम्हीही आत्ता दहा मिनिटांपूर्वी वापरले. त्यांच्याशिवाय बोलणे जड जाते. पण माँट्रियलमध्ये द लामिरांद आणि गान्यों यांनी १९९० च्या दशकात माणसाच्या शुक्राणूंवर दाखवले, की गर्भधारणेआधी शुक्राणूला जी शेवटची तयारी करावी लागते, तिच्यासाठी याच क्रियाशील ऑक्सिजनची थोडी मात्रा हवी असते. तिथे ती मात्रा पुसून टाकली तर तयारी अडते. तेव्हा अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके बरे, हे शरीराला मान्य नाही. भिंगाखाली शांत, सुरेख हलणारा शुक्राणू आपण तयार करू आणि ऐन वेळी तो तयारच झालेला नसेल, ही शक्यता निव्वळ तत्त्वज्ञाची कल्पना नव्हे. ती तपासायला फक्त हालचालीचा आकडा पुरत नाही.

मोजमापाबद्दलही दोन शब्द. अँटिऑक्सिडंट घातल्यावर मॅलॉनडायअल्डिहाइड कमी झाले, हा मोठा पुरावा म्हणून पुढे येतो. पण मेदाचा बिघाड थांबवणारे द्रव्य घातले आणि मेदाचा बिघाड कमी झाला, यातून त्या द्रव्याचे नाव बरोबर आहे इतकेच कळले. त्यातही नेहमीची रंगाची कसोटी फार काटेकोर नसते. साखरेसारखे इतर पदार्थही तिला रंग देतात. आणि नळीत अंड्याचा बलक आहे! बिघडलेला मेद शुक्राणूचा की कोंबडीच्या अंड्याचा, हे शुक्राणू नीट धुतल्याशिवाय सांगता येत नाही. अंडे वाचवल्याचा आनंद आपण शुक्राणूच्या नावावर मांडत असू.

आणि गणित. समजा, पाच मात्रा, चार वेळा, सहा मोजमापे. एकशे वीस तुलना झाल्या. कशाचाच काही परिणाम नसला, तरी पाच टक्क्यांच्या प्रचलित निकषाने सुमारे सहा ठिकाणी नुसत्या योगायोगाने ‘फरक’ दिसेल. त्या सहांपैकी दोन वर सुधारणेच्या बाजूला पडले, की लेखाला शीर्षक मिळाले. एकाच कुत्र्याचे पाच दिवसांचे वीर्य पाच कुत्रे म्हणून मोजले, तर भ्रम आणखी पक्का होतो. आम्ही कोणावर लबाडीचा आरोप करत नाही. जाळे बारीक विणले की काहीतरी सापडतेच.

माणसांच्या वैद्यकाने ही ठेच आधी खाल्ली आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना बीटाकॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई देऊन पाहिले. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटाकॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. आपल्या विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण २०२० मधले. अमेरिकेत २,३७० जोडप्यांतील पुरुषांना जस्त आणि फॉलिक आम्ल किंवा बिनऔषधाची गोळी दिली. लहान अभ्यासांनी वीर्य सुधारल्याची आशा दाखवली होती. इथे मूल झाले का, हे मोजले. औषधवाल्यांत ३४ टक्के, बिनऔषधवाल्यांत ३५ टक्के. पोटात घेतलेली गोळी आणि कांडीत घातलेले द्रव्य या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही जाणतो. निकाल तसाच्या तसा इकडे आणत नाही. शिकण्यासारखे इतकेच, की शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा आधीची आशा टिकली नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग हे संशोधक पिल्ले का मोजत नाहीत? आळशी आहेत का? आम्हीही आधी तसेच समजलो. मग एके संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला आणि जरा वरमलो.

समजा, एखाद्या द्रव्याने गर्भधारणा पन्नास टक्क्यांवरून साठवर जाते, आणि हा फरक नेहमीच्या सांख्यिकी निकषांवर पकडायचा आहे. प्रत्येक गटात सुमारे ३९० कुत्र्या लागतात. एकूण पावणेआठशेहून अधिक. प्रत्येक विणीला सरासरी पाच पिल्ले धरली, तर दोन हजारांहून जास्त पिल्ले जन्मतील. ती कुठे जाणार? ज्या देशात गल्लोगल्ली बेवारस पिल्ले गाडीखाली येतात, तिथे एका द्रावणाचा गुण तपासण्यासाठी दोन हजार पिल्ले जन्माला घालायची, या प्रस्तावावर आम्ही सही केली असती का? मुळीच नाही. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर त्या तरुणाकडे मागत होतो, ते मिळवायची वाट आमच्याच समितीने बंद केली असती. भिंगाकडे सरकलेली मोजणी काही अंशी या दयेचे फळ आहे, हे मान्य केले पाहिजे. मांजराच्या बाबतीत निदान एक मधली पायरी आहे: नसबंदीत काढलेल्या अंडाशयांतली बीजे घेऊन काचपात्रात फलन करून पाहता येते. कुत्र्यात तीही फार काळ जमत नव्हती. काचपात्रातल्या फलनातून कुत्र्याची पहिली पिल्ले कॉर्नेल विद्यापीठात २०१५ मध्ये जन्मली.

तेव्हा पेच खरा आहे. खरा प्रश्न विचारायचा तर पिल्ले हवीत, आणि प्रयोगासाठी पिल्ले जन्माला घालणे योग्य नाही. पण यातून ‘मग हालचालीवरच भागवा’ हे निघत नाही. आम्हाला दोन वाटा दिसतात.

पहिली: गोठवलेल्या वीर्यापासून पिल्ले तशीही जन्मतच आहेत. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्था आहेत, जातिवंत कुत्रे पाळणारे आहेत. समुद्रापार कांड्या जातात. त्या पिल्लांना घर आधीच ठरलेले असते. वीर्य गोठवताना अर्ध्या कांड्या द्रव्यासह आणि अर्ध्या द्रव्याविना भराव्यात, वर फक्त सांकेतिक खूण असावी, वापरणाऱ्या डॉक्टरला फरक कळू नये. रेतनाचा दिवस, प्रोजेस्टेरॉन, वीर्य कुठे सोडले, राहिली की उलटली, पिल्ले किती, हे साध्या वहीत लिहावे आणि दहा-वीस दवाखान्यांनी वह्या एकत्र कराव्यात. एकही जास्तीचे पिल्लू न होता हिशेब साठत जाईल. उशिरा साठेल, पण साठेल.

दुसरी वाट: कुत्रीला एका विणीत अनेक पिल्ले होतात, याचा फायदा घ्यावा. दोन कुत्र्यांचे वीर्य समप्रमाणात मिसळून द्यायचे, एकाचे द्रव्यासह, दुसऱ्याचे द्रव्याविना. दुसऱ्या कुत्रीच्या वेळी अदलाबदल. डीएनए तपासणीने कोणते पिल्लू कोणत्या बापाचे ते कळते. प्रत्येक वीण ही स्वतःच एक तुलना होते. दिवस चुकला तर दोघांचाही चुकतो. कुत्र्या कितीतरी कमी लागतील. ही युक्ती आमची नाही. पशुप्रजननाच्या अभ्यासकांना ती जुनी ओळखीची आहे. दोन बापांची वीण मालकाला चालते का, हा अडसर आहे, पण तो संमतीचा आहे, दयेचा नाही.

आणि तोवर? तोवर भाषा तरी खरी ठेवावी. हालचाल मोजली असेल तर हालचाल म्हणावे. ‘उपयुक्त’ म्हणताना कशासाठी उपयुक्त ते लिहावे. जे द्रव्य चालले नाही, त्याचाही लेख छापावा. कारण न छापलेल्या अपयशांनी छापलेल्या यशांचा भाव खोटा चढतो. आणि कोणी आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या शेवटच्या चार कांड्या भरायला गेला, तर त्याला द्रव्याच्या नावापेक्षा आधी हे सांगावे, की कुत्रीचा दिवस नीट काढा आणि वीर्य गर्भाशयात सोडता येईल असा डॉक्टर गाठा.

शेवटी त्या सहीकडे येतो. आज तोच प्रस्ताव पुढे आला तर आम्ही तो नाकारणार नाही. प्रयोगात कोणाला इजा नव्हती आणि पोरगा काही वाईट करत नव्हता. पण पेन उघडण्याआधी दोन बदल मागू. पहिल्या परिच्छेदातले ‘गर्भधारणेचे प्रमाण वाढेल’ हे वाक्य काढून ‘वितळवल्यावर हालचाल टिकते का ते पाहू’ असे लिहा. आणि उरलेल्या कांड्या फेकू नका, खुणा घालून ठेवा, कधीतरी कोणी मालक मागेल आणि तिचे काय झाले ते आपल्याला कळवेल. दहा मिनिटांचे काम होते. तेव्हा सुचले नाही, कारण जेवायला उशीर होत होता, आणि ‘हा विज्ञानाचा प्रश्न आहे, आपला नाही’ असे आम्ही स्वतःला समजावले होते. तो प्रश्न आमचाच होता. कशावरून काय सिद्ध होते, हे सांगण्यासाठीच तर आम्हाला तिथे बसवले होते.

आता प्रश्न विचारा. पशुवैद्य मंडळी बसली आहेत, त्यांनी आमचे कान जरूर धरावेत.